प्रत्येक घराचं एक लाकूड

“ह्यांच्याकडचं घ्यायचं का सोडायचं?”

मी पडवीतल्या खिडकीच्या आत उभी होते. विचारणाऱ्याला मी दिसत नव्हते. तो आमच्या फाटकाबाहेर हातगाडीचा दांडा धरून थांबला होता. त्याच्याबरोबरचा माणूस तळहातावर तंबाखू मळत होता.

“विचार की,” तंबाखूवाला म्हणाला.

“मी नाय विचारायचा. तू विचार.”

“काका कुणाचा गेला? तुझा. मग तूच विचार.”

हातगाडीवर लाकडं होती. आंब्याची, जांभळीची, बाभळीचा एक जाड ओंडका, वर चार शेणी. समोरच्या घरातले काका सकाळी वारले होते, आणि आमच्या गावात कुणी गेलं की चितेला प्रत्येक घरातून एक लाकूड जातं. आता सगळ्यांकडे गॅस आहे, तरी मागच्या पडवीत दोन-तीन लाकडं ठेवलेली असतात ती यासाठीच. लाकूड नसेल तो शेणी देतो. मयताच्या घरचं लाकूड मात्र घेत नाहीत. माणूस घरचा, पण त्याला पोचवायचं गावाने, असा त्यामागचा अर्थ आजोबा सांगायचे.

हातगाडी प्रत्येक दारात थांबते. कुणी काही मागत नाही. घरातून कुणीतरी लाकूड आणतं, गाडीवर ठेवतं, गाडी पुढे जाते. विचारायची पद्धतच नाही. म्हणून तो प्रश्न ऐकून मी लाकूड आणायला वळले नाही. इतकी वर्षं गेली, बोलणं सुरू झालं, लग्नाच्या पत्रिका यायला लागल्या, तरी आमचं घर अजून विचार करून पाऊल टाकायचं घर होतं.

आमचं गाव निडी आणि रोह्याच्या मध्ये आहे. मुख्य रस्त्यापासून आत वळलं की थोड्या अंतरावर देऊळ, देवळापुढे पत्र्याची शेड, आणि शेडच्या पलीकडे आमची आळी. बाबा रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत बॉयलरवर आहेत. थोडी भातशेती आहे, भातानंतर वाल लावतो. मला त्यांनी रोह्याला इंग्रजी शाळेत घातलं, गावातून स्कूलबसने जाणारी मी पहिली मुलगी. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या आणि गावात तोंडातून इंग्रजी शब्द गेला की मुलं माझ्या मागून तोच शब्द ओरडत यायची. मी दोन्हींवर एकच उपाय शोधला. गप्प राहायचं. पुढे तो स्वभावच होऊन बसला. आई पाहुण्यांना सांगायची, “ती बोलत नाय, पण तिला सगळं कळतं.” पाहुणे माझ्याकडे मुक्या जनावराकडे बघावं तसे प्रेमाने बघायचे.

समोरचे काका गावकीतले पंच होते. ग्रामपंचायत वेगळी आणि गावकी वेगळी, हे बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. ग्रामपंचायत निवडून येते, तिच्याकडे शिक्का असतो. गावकीकडे काहीच नसतं. देवळाच्या शेडमध्ये पुरुष बसतात, बोलतात, ठरवतात, आणि ते ठरलेलं असतं. बायका तिथे जात नाहीत. चहा मात्र आमच्या घरून जायचा, शेड जवळ पडते म्हणून. त्यामुळे किटली ठेवून परत येईपर्यंत आणि नंतर खिडकीतूनही, मी लहानपणापासून गावकी ऐकत आले.

लॉकडाऊन लागला तेव्हा गावकीची पहिली बैठक कंपनीवाल्यांवरच झाली. सगळं बंद, पण बाबांच्या कंपनीत औषधांना लागणारं काहीतरी बनतं, म्हणून ती चालू. गावातले सात-आठजण तिथे जायचे. शेडमध्ये तोंडाला रुमाल बांधून माणसं लांब लांब बसली होती, त्यामुळे नेहमीपेक्षा जोराने बोलत होती.

“कंपनीत कुठकुठली माणसं येतात. महाडची येतात, पनवेलची येतात. ह्यांनी तिकडून आणायचा आणि आम्ही घरात कोंडून घ्यायचं?”

“मग काय कामावर जायचं सोडू? तू देशील पगार?”

“कंपनीतच झोपा ना. खाणंपिणं देते म्हणं कंपनी.”

“आणि गुरं तू बघशील माझी?”

हसले सगळे. तेव्हा हसणं होतं अजून. समोरच्या काकांनीच तोड काढली. कंपनीवाल्यांनी फाट्यावरच्या हापशीवर अंघोळ करायची, कपडे तिथेच बादलीत भिजवायचे, मग आत यायचं. बाबांनी एकाही दिवशी त्यात कसूर केली नाही. वैशाखाच्या उन्हात ठीक होतं ते, रात्रपाळीनंतर पहाटे हापशीचं पाणी अंगावर घेऊन ते कुडकुडत यायचे.

फाट्यावर गावाने अडसर घातला होता. एक बाभूळ तोडून आडवी टाकली, तिच्यावर बांबू बांधला, पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’. पोरं आळीपाळीने तिथे बसायची आणि त्याला ‘ड्यूटी’ म्हणायची. आता हातगाडी घेऊन आमच्या दारात उभा असलेला काकांचा पुतण्या तेव्हा त्या पोरांचा म्होरक्या होता. गळ्यात शिट्टी घालायचा.

माझं कॉलेज मोबाइलवर आलं होतं. नेट मिळावं म्हणून मी गोठ्याच्या मागे आंब्याखाली बसायचे. वर्गातली मुलं चर्चा करायची, जीव महत्त्वाचा की पोट, सरकारने घाई केली की उशीर, परदेशात काय चाललंय. सगळे इंग्रजीत, सगळे छान बोलायचे. मी माइक बंद ठेवून ऐकायचे. त्या चर्चेत कुणीच चूक ठरत नसे आणि कुणाचं काही जातही नसे. संध्याकाळी तीच चर्चा शेडमध्ये ऐकू यायची, फक्त तिथे प्रत्येक वाक्यामागे कुणाचं तरी घर होतं.

माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, पेणला राहायची. मूलबाळ नव्हतं, यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची, सोवळ्याची किनार आणि दागिने तिच्याकडे असायचे. तिला दमा होता. रंगाच्या आणि मातीच्या धुळीने तो वाढायचा, पण काम सोडत नव्हती. “बसून खाल्लं तर दमा नाय, कंटाळ्याने मरेन,” म्हणायची. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद झाला. यंदा गणपती बसणार का, बसले तर केवढे, मूर्ती न्यायला मुंबईची माणसं येणार का, ह्यावर पेणमध्ये रोज वेगळी बातमी. आत्या एका खोलीत भाड्याने होती. एरवी तिचा खोकला कुणाच्या लक्षातही येत नसे. आता ती खोकली की भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. एक दिवस घरमालकीण दारात न येता खालूनच म्हणाली, “ताई, तुमच्या भावाकडे जाऊन राहा की थोडे दिवस. आमच्याकडे लहान बाळ हाय.”

आत्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. “मी खोकले की आख्खी चाळ श्वास धरते गो. एवढा मान मला लग्नातपण नव्हता.” बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर ते मोटारसायकलने तसेच पेणला गेले. त्यांच्याकडे कंपनीचा पास होता, तो पेणला चालणारा नव्हता. परत येताना नागोठण्याच्या नाक्यावर पोलिसाने अडवलं. पास बघितला, मागे बसलेल्या आत्याकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या पिशवीतून डोकावणारा दम्याचा पंप बघितला आणि म्हणाला, “जा. पण पुन्हा दिसू नका.”

मी आणि आई फाट्यावर जाऊन उभ्या होतो. ऊन उतरत होतं. बाबांची गाडी बाभळीपलीकडे थांबली आणि अलीकडच्या पोरांनी शिट्टी वाजवली. थोड्या वेळात काका आले, मग एकेक करत निम्मं गाव आलं. शेडऐवजी गावकी तिथेच भरली. म्हणून पहिल्यांदाच बायकाही हजर होत्या, मागे, कुंपणाला लागून.

आत्या गाडीवरून उतरली, रुमाल खाली करून काकांच्या पुतण्याला म्हणाली, “काय रे, ओळखलं नाय का? तुझ्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्यात. तेव्हा तुला शिट्टी नव्हती, चड्डीपण नव्हती.”

पोरं हसली. पुतण्याही हसला आणि मग काकांकडे बघून थांबला.

“बाय, रुमाल वर घे,” काका आत्याला म्हणाले. मग बाबांना, “हे काय केलंस? विचारलं नाहीस.”

“बहीण हाय माझी. विचारायचं काय त्यात?”

“माझा पोरगा डोंबिवलीला हाय. सून हाय, नातू हाय, एवढ्याशा खोलीत. रोज फोन करतो, बाबा येतो म्हणून. त्याला मी नको म्हणून सांगितलंय. माझा रक्ताचा पोरगा. मग आता तुझ्या बहिणीला घेतली तर मी त्याला काय सांगू?”

हे खोटं नव्हतं. काकू त्या दिवसांत रोज मागच्या दारी बसून रडायची, आम्हाला ऐकू यायचं. काकांचे मुंबईतले एक चुलतभाऊ पहिल्याच दिवसांत गेले होते, त्यांचं तोंडही कुणाला बघायला मिळालं नव्हतं. काका घाबरलेले होते. घाबरलेला माणूस गाव सांभाळत होता आणि तो खरंच सांभाळत होता.

“तुझा पोरगा तरणा हाय,” बाबा म्हणाले. “ही दम्याची बाई. हिला तिथं कोण बघणार?”

मागून कुणीतरी म्हणालं, “दमा हाय का दुसरं काय, ते तुला काय माहीत?”

“शाळेत ठेव मग,” दुसरा म्हणाला. “चौदा दिवस. जेवण दारात नेऊन ठेवायचं. सगळ्यांना तोच नियम.”

शाळा गावाच्या टोकाला. मार्चपासून बंद, आत धूळ, संडासाला पाणी नाही. आत्याने शाळेकडे बघितलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं मी बघितलं.

“त्या धुळीत ही रात्र काढेल का?” बाबांचा आवाज चढला. “माझ्या मागच्या पडवीत ठेवतो. आम्ही कुणी बाहेर पडत नाय. मी कंपनीतून रजा टाकतो. अजून काय पाहिजे?”

“आज तुला पडवी, उद्या दुसऱ्याला माडी. मग बाभूळ कशाला टाकली?”

एक म्हातारे आजोबा म्हणाले, “अरे, माहेरवाशीण हाय, सोडा.” त्यांचं कुणी ऐकलं नाही. दोन तरुण मुलं आपसात म्हणत होती की सरकारच्या आदेशात गावबंदी कुठेच नाही. तेही मोठ्याने बोलले नाहीत. वाद दोन्हीकडून खरा होता. मला त्या दिवशी वाटलं, आणि अजूनही वाटतं, की आणखी थोडा वेळ बोलणं चाललं असतं तर काहीतरी निघालं असतं, हापशीच्या अंघोळीसारखं. पण बाबा शिफ्ट करून, तापलेल्या रस्त्याने पेणला जाऊन आले होते, आणि आत्या उभ्या उभ्या धापा टाकायला लागली होती. ते म्हणाले,

“पोलिसांनी सोडलं मला. तुम्ही कोण?”

गावकीत शिव्या चालतात, अंगावर धावून गेलेलं चालतं, दुसऱ्या दिवशी सगळे परत एकत्र बसतात. ‘तुम्ही कोण’ हे मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं. काका वळून घराकडे चालू लागले. त्यांच्या मागे बाकीचे. बाभूळ तशीच राहिली. बाबांनी गाडी रस्त्याकडेला लावली, आत्याची पिशवी माझ्याकडे दिली, आणि आम्ही चौघं शेतांच्या बांधांवरून मागच्या बाजूने घरी आलो. आत्या दर दोन शेतांनंतर थांबत होती. “गावाला परत आणलंस खरं,” ती बाबांना म्हणाली, “पण चोरासारखी आणलीस रे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला फोन दाखवला. “हे काय आलंय बघ.” त्यांच्या फोनवर सगळं इंग्रजीत असायचं, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्याकडे येत. गावाच्या ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं होतं. मी ती ओळ मनात दोनदा वाचली, मग मराठीत सांगितली. त्यांनी मान हलवली, जसं काही कंपनीतली सूचना आहे.

वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही. तसं करणं कायद्याने गुन्हा आहे, हे गावाला ठाऊक होतं. शब्द आयताच मिळाला होता, रोज टीव्हीवर सांगत होते, अंतर ठेवा. गिरणीवाला म्हणाला, अंतर ठेवायचं सांगितलंय, दळण आता नको. दूधवाली फाटकापर्यंत यायची थांबली. नळावर आई गेली की बाकीच्या बायका बाजूला सरकायच्या, अगदी नियमाप्रमाणे. खोडच काढता येत नव्हती. चौदा दिवस उलटून गेले, आम्हा चौघांपैकी कुणाला शिंकही आली नाही. आता सुरू होईल म्हणून आई दळणाचा डबा घेऊन गेली आणि तशीच परत आली.

आत्या मागच्या पडवीत गोधडीवर बसून राहायची. मला म्हणायची, “मी काय बॉम्ब हाय काय गो?” मग स्वतःच उत्तर द्यायची, “नाय, बॉम्ब असते तर माझ्यापासून लांब पळाले असते. हे तर तुमच्यापासून पळतायत.” तिला ते सर्वांत जास्त लागलं होतं. दोनदा तिने पिशवी भरली, मला परत पेणला सोड म्हणाली. बाबा ओरडले. मग ती नुसतीच बसली, खिडकीतून समोरच्या घराकडे बघत. काकांची आणि तिची शाळा एक होती.

मेच्या शेवटी एका सकाळी तिचा श्वास पंपाने आटोक्यात येईना. अँब्युलन्स आली. पोरांनी बाभूळ लगेच बाजूला ओढली, हे सांगितलं पाहिजे. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, घशातला नमुना घेतला. दुपारी ती गेली. नमुन्याचा निकाल आल्याशिवाय देह मिळणार नव्हता. निकाल दुसऱ्या दिवशी आला, निगेटिव्ह. डॉक्टर बाबांना म्हणाले, “दमाच होता. घरी न्या. वीस माणसांपर्यंत परवानगी आहे, त्यापेक्षा जास्त नको.”

बाबांनी त्या निकालाचा फोटो काकांना पाठवला. त्यांनी तो बघितला हे फोनवर दिसत होतं. मी बाबांना सांगितलं, “बघितलाय त्यांनी.” बाबा म्हणाले, “मग येतील.”

आत्याला ओटीवर ठेवलं होतं. आईने आणि मी तिला अंघोळ घातली. तिच्या नखांच्या कडेला सोनेरी रंग होता, कारखाना बंद होऊन दोन महिने झाले तरी गेला नव्हता. बाबा फाटकाजवळ उभे राहिले. ते हातगाडीची वाट बघत होते. वीस माणसं कोण येतील ते त्यांनी मनात ठरवलं होतं, आईला ते नावं सांगत होते, ह्याला मागे ठेवू, त्याचं वय झालंय, त्याला नको. वीसच्या वर जाऊ नयेत याची त्यांना काळजी होती.

रस्त्यावर कुणी नव्हतं. समोरच्या घराचं दार उघडं होतं आणि आत, जरा मागे, काका उभे होते. मला त्यांचा पांढरा बनियन दिसत होता. त्यांनी एकदा पाऊल उंबऱ्यापर्यंत आणलं. मग आतून काकूंचा आवाज आला, काय म्हणाल्या ते कळलं नाही, आणि दार ओढून घेतलं गेलं.

दुपार झाली. ऊन फार होतं, आणखी थांबणं शक्य नव्हतं. बाबांचे कंपनीतले दोघेजण शेजारच्या गावातून टेम्पो घेऊन आले होते. त्यातला एक बाबांना हळूच म्हणाला, “लाकडाचं काय?”

बाबा मागे गेले. पावसाळ्यासाठी आईने लाकडं रचून ठेवली होती. बाबा त्या रचलेल्या लाकडांपुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी वरचं लाकूड उचललं आणि टेम्पोत टाकलं. त्याचा आवाज आख्ख्या आळीत गेला असणार. दुसरं. तिसरं. आईने तोंडात पदर कोंबला. मीही उचलायला लागले तर बाबा म्हणाले, “तू नको.” घरच्या माणसाला घरचीच लाकडं. आमच्या गावात हे कधी झालं नव्हतं. निदान कुणाला आठवत नव्हतं.

ते तिघं गेले. चौथा खांदा टेम्पोवाल्याने दिला. संध्याकाळी बाबा परत आले तेव्हा फाट्यावरच्या हापशीवर अंघोळ करून आले, कंपनीतून यायचे तसेच. कपडे पिळून हातात होते.

त्यानंतर आठवडाभरात वादळ आलं. पत्रे उडाले, देवळाची शेड कोसळली, आंबे, जांभळी, शेवगे मुळासकट आडवे झाले. गावात जिकडेतिकडे लाकूडच लाकूड पडलं होतं. फाट्यावरची बाभूळ आणि तिच्यावरचा पुठ्ठा कुठे गेला ते कळलंही नाही, तिच्या जागी वादळाने स्वतःची झाडं टाकली. लाइट गेली ती कितीतरी दिवस आली नाही. मग खांब उभे करायला वीज कंपनीची माणसं आली, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून. त्यांना कुणी विचारलं नाही, कुठून आलात, किती दिवस झाले. काकांनी स्वतः त्यांना ताडगोळे दिले. ती माणसं शाळेत राहिली नाहीत, घराघरांत जेवली. मी खिडकीतून बघत होते. बाबाही बघत होते. गणपतीला काकांचा मुलगा डोंबिवलीहून आला. काकांनी त्याला शाळेत दहा दिवस ठेवायचं म्हटलं होतं, तो दोनच दिवस राहिला.

मग हळूहळू सगळं सुरू झालं. गिरणी सुरू झाली, दूध आलं. लसीच्या रांगेत काका आणि बाबा मागेपुढे उभे होते. एक दिवस बाबांचा फोन वाजला, ग्रुपमध्ये पुन्हा घेतलं होतं. कुणी घातलं, का घातलं, काही नाही. कुणीतरी नमस्कार करणारे हात पाठवले. बाबांनी उलट तसलेच हात पाठवले. चूक झाली असं कुणीच म्हणालं नाही, बाबाही नाही. आता त्या दिवसांविषयी कुणी बोलायला लागलं की गावातली माणसं अभिमानाने सांगतात, आमच्या गावात एकपण पेशंट नव्हता, आम्ही गाव असं बांधलेलं होतं. ते खरं आहे. आत्या पेशंट नव्हतीच.

हे सगळं त्या सकाळी खिडकीत उभी असताना मला आठवलं असं नाही. ते मला आठवावं लागत नाही. बाबा फर्स्ट शिफ्टला गेलेले होते, काका गेले हे त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते “बरं” म्हणाले होते आणि फोन चालूच राहिला होता, मागे बॉयलरचा आवाज ऐकू येत होता. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनेही बाहेरचा प्रश्न ऐकला होता.

“दे गो एक लाकूड,” ती हळू म्हणाली. “आपल्याला इथंच राहायचं हाय.”

मी मागच्या पडवीत गेले. वादळात पडलेल्या आमच्या आंब्याच्या फांद्या बाबांनी तोडून ठेवल्या होत्या, ज्याखाली मी कॉलेज करायचे तो आंबा. त्यातली एक उचलली. वाळून हलकी झाली होती. ती घेऊन मी पुढच्या दाराने बाहेर आले, पायऱ्या उतरले, फाटक उघडलं. तंबाखूवाला बाजूला झाला. पुतण्याने हात पुढे केला. त्याच्या गळ्यात आता शिट्टी नव्हती, डोळे रडून सुजले होते, काकांनीच त्याला वाढवला होता. मला त्याची कीव आली. लाकूड मी गाडीवर ठेवलं, पण त्याच्यावरचा हात काढला नाही.

“ठेव, ठेव,” तो म्हणाला. “बरं झालं आलीस.”

समोर काकांच्या अंगणात माणसं बसली होती. विसाहून कितीतरी जास्त. काहीजण आमच्याकडे बघत होते. माझा आवाज मला नेहमी दुसऱ्याचा वाटतो, तसाच वाटला, पण तो अंगणापर्यंत गेला.

“आत्याच्या वेळी वीस जणांना परवानगी होती, दादा. तुम्ही का नाय आलात?”